प्लेटची पुढची कड

भिंतीजवळून वाहणाऱ्या हवेचं काय होतं, या एका प्रश्नात मी माझी उमेदीची वर्षं घातली. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दरवेळी एकच काळजी उमटलेली पाहिली आहे, की बाईंना घरी काही त्रास तर नाही ना. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "भितीजोळची हवा? अन मधातल्या हवेनं काय घोडं मारलं व तुयं?" प्रश्न रास्त होता. पीएचडीच्या माझ्या गाईडनी पुढे तोच प्रश्न विचारला, फक्त इंग्रजीत विचारला म्हणून मी वहीत लिहून घेतला.

ज्यांना घरी त्रास नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगून टाकते. हवा भिंतीला लागून वाहते तेव्हा भिंतीला अगदी चिकटलेला थर जागचा हलत नाही. त्याच्या वरचा थर जरासा सरकतो, त्याच्या वरचा आणखी थोडा, आणि असं करत करत मधली हवा पूर्ण वेगात जाते. इथवर सगळं ठीक असतं. भानगड सुरू होते ती पुढचा दाब बदलायला लागला की.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणसं दोनच प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. मी राहते घाटावर, बुलडाण्यात, आणि ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते ते घाटाखाली, नांदुऱ्याकडच्या रस्त्याला. त्यामुळे हा विषय मी रोज एसटीत बसून जगते. पुढे दाब कमी होत गेला, तर हवेला उतार लागला असं समजा. हवा पळत सुटते, भिंतीजवळची खळबळही निवते, आणि सकाळच्या गाडीतल्या प्रवाशांसारखे सगळे थर गुमान आपापल्या जागी बसून जातात. पुढे दाब वाढत गेला, तर मात्र चढ. मधली हवा जोरात असते, ती कशीबशी चढून जाते. भिंतीजवळची आधीच दमलेली. ती अर्ध्या चढावर थांबते आणि चक्क मागे फिरते. मग सगळा प्रवाहच भिंत सोडून देतो. याला सेपरेशन म्हणतात. यामुळे विमानाचे पंख उचल सोडतात आणि शोधनिबंध लिहिणाऱ्यांची पोटं भरतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. भिंतीजवळची हवा शिस्तीत, थराथरांनी वाहत असेल, तर ती चढावर लवकर हरते. पण तिच्यात आधीपासूनच खळबळ असेल, भोवरे असतील, तर ते भोवरे वरची ताज्या दमाची हवा खाली भिंतीपर्यंत आणून देत राहतात आणि प्रवाह भिंतीला धरून बराच वर चढून जातो. म्हणजे शहाणी हवा माघारी येते आणि दंगेखोर हवा घाट चढते. शाळेत मला ओळीने तीन वर्षं शिस्तीचं बक्षीस मिळालं होतं. या विषयाकडे मी का ओढली गेले असेन, हे आता लक्षात येतं.

तर आमचं कॉलेज. रस्त्यावरची कमान एवढी मोठी, की आतलं कॉलेज तिच्याआड झाकून जातं, आणि ते कॉलेजच्या फायद्याचंच आहे. अशा ठिकाणी मी विंड टनेल उभं केलं, म्हणजे हवेचा बोगदा. परदेशातल्या विंड टनेलांचे फोटो पाहिलेल्यांनी ते विसरावेत. आमचं टनेल म्हणजे प्लायवूडची लांबलचक पेटी. एका टोकाला कूलरवाल्याकडून आणलेला मोठा पंखा, त्याला बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर. दुसऱ्या टोकाला, हवा सरळ आत यावी म्हणून, शीतपेय प्यायच्या नळ्या, म्हणजे स्ट्रॉ, एकावर एक रचून केलेली जाळी. त्या नळ्या खोक्यांनी विकत घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "मॅडम, कोनाचं लगन हाय?" मी म्हटलं, हवेचं. त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलायचा.

पेटीच्या आत गुळगुळीत ॲल्युमिनियमची आडवी प्लेट. हीच आमची भिंत. तिच्या वरचं छत बिजागरीवर वरखाली होणारं. ते मागच्या बाजूला उचललं, की वाट रुंदावते, हवा मंदावते, दाब वाढतो आणि हवेला चढ लागतो. प्लेटच्या मागच्या अर्ध्या भागावर लोकरीचे बारीक दोरे चिकटवलेले. माझ्या मुलाच्या बाळपणीची टोपी उसवून काढलेले. हवा भिंतीला धरून असेल, तर दोरे निमूट मागे निजून राहतात. हवा माघारी फिरली, की तेही उलटे फिरतात आणि फडफडतात. त्या भागात बाजूला पारदर्शक खिडकी होती. प्लेटचा पुढचा भाग मात्र प्लायवूडच्या झाकणाखाली, स्क्रू मारून बंद.

हे टनेल मी एकटीने बांधलं असं मी मुलाखतीत सांगते. प्रत्यक्षात ते मी आणि चाचांनी बांधलं. चाचा म्हणजे आमच्या लॅबचे अटेंडंट, वडनेर भोलजीचे, पन्नाशी ओलांडलेले, ताडमाड उंच, शुक्रवारची नमाज कधी न चुकवणारे. सगळं कॉलेज त्यांना चाचाच म्हणतं. प्राचार्यही म्हणतात, आणि प्राचार्य त्यांच्यापेक्षा मोठे आहेत. चाचांची नेमणूक कंत्राटी. दरवर्षी कंत्राट संपतं आणि दरवर्षी आमच्या लॅबच्या नावावर पुन्हा होतं. प्लेटवर धुळीचा कण चालत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून ते रोज सकाळी खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घालून, दोऱ्यांना धक्का न लावता, पार पुढच्या कडेपर्यंत प्लेट पुसून काढायचे. माझा हात तिथवर पुरत नाही. माझ्या उंचीबद्दल यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही.

हवेची वाट दिसावी म्हणून धूर सोडावा लागतो. धुराचं चांगलं यंत्र मिळावं, असा अर्ज मी केला होता. त्यावर "अगरबत्तीने भागवावे" असा शेरा आला. त्यामुळे चाचा रोज सकाळी टनेलच्या तोंडाशी अगरबत्ती लावून उभे. नव्या प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी ते दृश्य पाहिलं आणि गहिवरून मला म्हणाले, "बघा मॅडम, याला म्हणतात श्रद्धा. आपली माणसं शिकतील का काही यांच्यापासून?" मी म्हटलं, सर, ती धुरासाठी आहे. ते म्हणाले, "तेच तर." हे प्राचार्य उमेदवारीच्या काळात काही महिने पुण्याला राहून आले होते आणि तेव्हापासून मराठीचं प्रत्येक वाक्य उद्घाटनाला आल्यासारखं बोलायचे.

त्या वर्षी माझ्या पीएचडीच्या नोंदणीला शेवटची मुदतवाढ मिळाली होती. शेवटची म्हणजे विद्यापीठाने या वेळी "शेवटची" हा शब्द ठळक छापला होता. दिवाळीच्या आत दोन प्राध्यापकांची समिती येऊन प्रयोग डोळ्यांनी पाहणार होती. त्यांना एकच गोष्ट दाखवायची होती. स्वच्छ, शिस्तीतली हवा चढाला लागली की मी गणिताने काढलेल्या जागी भिंत सोडते, एवढंच. माझा उरलेला सगळा प्रबंध, म्हणजे खळबळ वाढवली की ही जागा किती मागे सरकते वगैरे, या पायावर उभा होता. पायाच नसेल, तर वर नुसती हवा. समितीने नापास केलं तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली तर संस्थाचालकांनी आधीच गोड शब्दांत सुचवलं होतं की पुढच्या सत्राचं पुढच्या सत्रात बघू. मी गेले तर टनेल भंगारात जाणार आणि टनेल गेलं तर चाचांचं कंत्राट कुणाच्या नावावर होणार? हे मला माहीत होतं आणि चाचांनाही. दोरे उलटे फिरण्यावर दोन घरं अवलंबून होती.

सुदैवाने दोरे फिरत होते. नवरात्रात मी माहेरी जाईपर्यंत रोज, ठरल्या जागी, शाळेच्या घंटेसारखे.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. दुकानातला तराजू, गॅरेजमधले पाने, एसटीचं स्टिअरिंग, सगळ्यांना हळदकुंकू. मला हा दिवस आवडतो. वर्षभर ज्याला लाथा घालतो त्या स्कूटरला एक दिवस हार घालावा, यात काही वाईट नाही. आमच्या टनेललाही दरवर्षी हार पडायचा. आदल्या वर्षी तो कुणीतरी चालू पंख्याच्या तोंडाशी घातला होता आणि झेंडूच्या पाकळ्या पार वर्कशॉपपर्यंत उडाल्या होत्या. तेव्हापासून प्राचार्यांच्या मनात होतं, की या वेळी पूजा नीट, शास्त्रोक्त करायची.

नवमीच्या दोन दिवस आधी ते लॅबमध्ये आले. मी माहेरी, सुलतानपूरला निघण्याच्या घाईत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, या यंत्रातलं मुख्य स्थान कोणतं? मोटर तर कशालाही असते." माझ्या विषयाबद्दल कुणी आपण होऊन विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी भारावले आणि खरं ते सांगितलं. "प्लेटची पुढची कड, सर. हवा पहिल्यांदा तिथं टेकते. पुढं जे काय व्हायचं, ते तिथंच ठरतं." त्यांनी गाभाऱ्यासमोर मान हलवावी तशी हलवली आणि गेले. मी बस पकडली.

दसरा करून परत आले. सकाळी मोटर चालू केली, छत उचललं. दोरे निजलेले.

छत आणखी उचललं. दोरे निजलेलेच. इतकं उचललं की बिजागरी कुरकुरली, तरी माझ्या मुलाच्या टोपीचा एक धागाही वळून बघेना. हवा चढावरून अशी चालली होती जणू तिला घाटाची सवयच आहे. चाचा अगरबत्ती धरून शेजारी उभे होते. धूरही भिंतीला लागून सरळ निघून गेला.

"काऊन नाही फिरून राह्यले?" मी विचारलं. घाबरले की माझी प्रमाण भाषा आधी पळून जाते.

चाचांनी अगरबत्तीची राख झटकली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी एक डाव आंदरून पुसून घेता काय?"

"मी? माझा हात पुरतो का तिथं? तुम्ही रोज पुसता ना?"

"हाव," ते म्हणाले आणि अगरबत्ती विझवायला गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. गळती असेल म्हणून पेटीचा सांधान् सांधा चिकटपट्टीने बंद केला. पंख्याचा पट्टा बदलला. नळ्यांची जाळी सोडवून पुन्हा रचली आणि दुकानदाराकडून नवं खोकं आणलं. या वेळी त्याने काही विचारलं नाही, नुसतं हळहळून पाहिलं. गाईडना फोन केला, तर ते म्हणाले की हवा चुकत नसते, माणूस चुकतो. हे ऐकायला मी फोन का केला होता, ते आठवेना. एका सहकाऱ्याने सुचवलं की सेपरेशन होत नाही हाच शोध म्हणून जाहीर करून टाका, जगात पहिल्यांदाच. प्राचार्य दोनदा डोकावले. निजलेले दोरे पाहून म्हणाले, "सगळं किती शांत झालंय, नाही? समितीला हेच दाखवा. पूजेचा गुण आला." यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

चाचा मात्र रोज सकाळी एकदा तेच म्हणायचे. "मॅडम, झाकण खोलून तुमी एक डाव पुसून घेता काय?" पुढचं झाकण उघडायचं तर छताची जुळणी बिघडते आणि पुन्हा नीट बसवण्यात सबंध दिवस जातो. तो दिवस माझ्याकडे नव्हता. माझं डोकं आधीच तापलेलं. एकदा मी चिडून म्हटलं, "चाचा, धुळीनं असं होत नाही. आणि धूळ असली तर तुम्ही पुसा ना. तुमचंच काम आहे ते." चाचांनी मान खाली घातली. हा माणूस आजकाल कामचुकारपणा करायला लागला की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

समिती आली ती दिवाळीच्या तोंडावर. दोन प्राध्यापक, एक जाड आणि एक बारीक. जाड प्राध्यापकांचं लक्ष चहाबरोबरच्या फराळावर होतं, म्हणून माझी भिस्त त्यांच्यावर होती. बारीक प्राध्यापक वाईट निघाले. त्यांना विषय येत होता. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ देऊन दोघांचा सत्कार केला. ऑफिसचा क्लार्क कॉलेजच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मोबाईलवर सगळं टिपत होता. प्राचार्यांचा हुकूमच होता की एकही क्षण सुटता कामा नये.

मी मोटर चालू केली. छत उचललं. दोरे आज्ञाधारकपणे निजून राहिले.

जाड प्राध्यापकांची चकली तेवढी वाजली. एवढी वर्षं, ती एसटी, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांवर डोकं ठेवून काढलेल्या दुपारी, सगळं त्या निजलेल्या लोकरीत संपलं असं वाटलं, आणि मला मोठ्याने रडावंसं वाटलं.

बारीक प्राध्यापक खिडकीशी वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पुढं ट्रिप लावलीय का तुम्ही?"

ट्रिप म्हणजे हवेला अडखळवण्यासाठी मुद्दाम लावलेला खडबडीतपणा. बारीक तार किंवा वाळूची पट्टी. हवा तिच्यावर ठेचकाळते, खळबळते, आणि मग चढावर भिंत सोडत नाही. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते.

"नाही सर. अगदी गुळगुळीत आहे."

"ही हवा तर अडखळून आलेली दिसते. उघडा."

मी मोटर बंद केली. चाचांनी झाकणाचे स्क्रू काढले. एकेक स्क्रू नेहमीपेक्षा सावकाश काढला. झाकण उचललं. आत प्लेटच्या पुढच्या कडेवर, अगदी ज्या जागी मी सांगितलं होतं त्या जागी, हळदकुंकवाची पाच बोटं उमटलेली होती, ठसठशीत. ओल्या कुंकवात अक्षता दाबून बसवल्या होत्या. त्या वाळून सिमेंटसारख्या घट्ट झाल्या होत्या. तांदळाचे दाणे कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रांगेत. कुठल्याही पुस्तकातली ट्रिप इतकी नेटकी नसते.

बारीक प्राध्यापक म्हणाले, "सुंदर बसवलीय. पण हे पुढच्या प्रकरणात दाखवायचं होतं, आज नाही." मग त्यांना रंग दिसला आणि त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं.

"पूजा शास्त्रोक्त झाली होती," प्राचार्य म्हणाले. बिचाऱ्यांना कळेना की मान ताठ ठेवावी की खाली घालावी. "खिडकीतूनच लांब हात घालून, मॅडमनी सांगितलेल्या मुख्य स्थानी."

"हरकत नाही," बारीक प्राध्यापक म्हणाले. "पुसून टाका आणि पुन्हा चालवा. पाच मिनिटांचं काम."

मी सवयीने हात मागे केला आणि म्हटलं, "चाचा, जरा पुसून घ्या."

चाचांच्या हातात ओलं फडकं होतं. झाकण उघडण्याआधीच त्यांनी ते भिजवून ठेवलं होतं. ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले. क्लार्कचा मोबाईल त्यांच्याकडे वळला. मुद्दाम नव्हे, जिकडे काही घडतं तिकडे तो वळतच होता. प्राचार्य घाईने म्हणाले, "चाचा नको, चाचा नको... म्हणजे, पूजेचं आहे, आपोआप जाईल तेव्हा... दिवाळीनंतर बघू की." खोलीतला प्रत्येक जण कुठेतरी दुसरीकडे बघायला लागला. चाचा फडकं धरून उभेच. त्यांच्या हातातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाज वाटते सांगायला, की मला भिंतीजवळच्या हवेतली एवढीशी हालचाल वाचता येते आणि माझ्या शेजारी रोज उभा असलेला माणूस कशाला घाबरतोय ते वाचता आलं नव्हतं. त्या दिवसांत मोबाईलवर कोण काय फिरवील याचा नेम नव्हता. अजूनही नाही. चाचा कुंकू पुसताहेत अशा व्हिडिओखाली कुठलं वाक्य लिहिलं जाईल, ते चाचांना माझ्या आधी दिसलं होतं.

मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि प्लेट पुसली. कुंकू सहज निघालं. तांदूळ नखाने खरवडावे लागले. मी नीट, सावकाश खरवडले. क्लार्कने तेही टिपलं. कुणाचंही काही बिघडलं नाही. जाड प्राध्यापकांनी तर "अरे वा, स्वतः!" असं कौतुकही केलं.

झाकण लावलं. छताची जुळणी अंदाजानेच केली. मोटर चालू झाली, मी छत उचललं आणि दोरे एकदम उलटे फिरले. ठरल्या जागेच्या थोडे पुढे, पण फिरले. अगरबत्तीचा धूर चढावर भिंत सोडून वर उचलला गेला आणि खाली मागे वळून घुटमळत राहिला. बारीक प्राध्यापक पहिल्यांदा हसले. म्हणाले की तांदळाचा प्रयोगसुद्धा प्रबंधात घाला, खळबळीचं प्रकरण पूर्ण होईल. प्राचार्यांना ते ऐकून एवढा आनंद झाला की दुसरं श्रीफळ आणायला त्यांनी माणूस पिटाळला. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, "मॅडमचा प्रयोग यशस्वी. सर्वांचे अभिनंदन." त्यावर जोडलेले पुष्कळ छोटे हात आले.

समिती गेल्यावर लॅबमध्ये आम्ही दोघंच राहिलो. चाचा सांडलेलं पाणी पुसत होते. मला राहवलं नाही.

"चाचा, सरळ सांगायचं ना मला. आत कुंकू आहे, तांदूळ आहेत म्हणून."

"सांगतलं असतं त तुमी काय म्हटलं असतं?" ते वर न बघता म्हणाले. "तुमी म्हटलं असतं, चाचा, पुसा. मंग म्या नाही म्हणलो असतो त लोक म्हणतले असते, काऊन नाही म्हणते? अन हो म्हणलो असतो त..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "म्हणून म्हणत होतो, तुमी पुसा. तुमी पुसलं त साफसफाई व्हते, मॅडम."

मला राग आला. त्यांच्यावर नव्हे, पण कुणावर तेही नेमकं सांगता येईना, आणि नेमकं सांगता न येणारा राग माझ्यासारखीला पचत नाही.

"पण प्रयोग फसला असता तर?" मी म्हटलं. "मी गेले असते. टनेल गेलं असतं. तुमची नोकरी गेली असती, चाचा. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हाव. ठाऊक व्हतं."

त्यांनी पोछा पिळला, बादली उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबून, अगदी साध्या आवाजात, बसची वेळ सांगावी तसं म्हणाले, "नोकरी गेली असती त दुसरी पाह्यली असती, मॅडम."